डॅनियल कॉर्मिये

डॅनियल रायन कॉर्मिये (जन्म: २० मार्च १९७९, लाफायेट, लुईझियाना) हा अमेरिकेचा माजी फ्रीस्टाइल कुस्तीगीर आणि मिश्र मार्शल आर्ट्स, अर्थात एमएमए, या खेळातील निवृत्त व्यावसायिक लढवय्या आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो ९६ किलो वजनगटात चौथा आला. २००७ साली बाकू येथील जागतिक कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने एमएमएमध्ये पदार्पण केले आणि पुढील अकरा वर्षांत २२ विजय, ३ पराभव आणि एक रद्द ठरलेली लढत अशी कामगिरी नोंदवली. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यूएफसी, या संस्थेची लाइट हेवीवेट आणि हेवीवेट ही दोन्ही विजेतेपदे एकाच वेळी त्याच्याकडे होती. असे दुहेरी यश त्याच्यापूर्वी फक्त आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरला मिळाले होते. चाहत्यांमध्ये तो 'डीसी' या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

महाविद्यालयीन कुस्तीतून एमएमएकडे वळलेले अमेरिकन खेळाडू पुष्कळ आहेत. त्यांत कॉर्मियेची कारकीर्द विशेष अभ्यसनीय ठरते, कारण एका खेळातील कोणती विद्या दुसऱ्या खेळात टिकते आणि कोणती सोडून द्यावी लागते, हे तिच्यात स्पष्ट दिसते. शिवाय दोन्ही खेळांत त्याच्या पिढीतील सर्वश्रेष्ठ मानला गेलेला खेळाडू नेमका त्याच्याच वजनगटात होता.

== नाव आणि बालपण ==

लुईझियाना हे राज्य एकेकाळी फ्रेंच वसाहतीचा भाग होते. त्यामुळे तेथील अनेक आडनावांचे लेखन आणि उच्चार फ्रेंच वळणाचे आहेत. इंग्रजी लेखनावरून 'कॉर्मिअर' असा उच्चार होणे स्वाभाविक वाटते. परंतु अंत्य 'र' अनुच्चारित असल्याने या लेखात 'कॉर्मिये' हे रूप स्वीकारले आहे.

१९८६ साली थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी कौटुंबिक कलहातून त्याच्या वडिलांची गोळी झाडून हत्या झाली. त्या वेळी डॅनियल सात वर्षांचा होता. आई आणि सावत्र वडील यांनी त्याचा सांभाळ केला. लाफायेटमधील नॉर्थसाइड हायस्कूलमध्ये शिकत असताना तो अमेरिकन फुटबॉलही खेळत असे, पण त्याने नाव मिळवले ते कुस्तीत. राज्य शालेय अजिंक्यपद त्याने तीन वेळा जिंकले. १९९५ साली कॅडेट गटाच्या जागतिक स्पर्धेत त्याला ग्रीको-रोमन प्रकारात कांस्यपदक मिळाले. लुईझियाना हे राज्य कुस्तीसाठी प्रसिद्ध नाही. आयोवा, पेनसिल्व्हेनिया, ओक्लाहोमा येथे शालेय कुस्तीला जो लोकाश्रय आहे तो तेथे नव्हता, हे ध्यानात घेता हे यश अधिक उठून दिसते.

== अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्ती ==

कॉर्मियेची पुढील वाटचाल समजण्यासाठी अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत खेळल्या जाणाऱ्या कुस्तीची ओळख करून घेणे आवश्यक आहे. ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन असे दोन प्रकार खेळले जातात. अमेरिकन महाविद्यालयांत मात्र 'फोकस्टाइल' नावाचा तिसराच प्रकार रूढ आहे आणि तो जवळजवळ त्या एकाच देशात खेळला जातो.

फोकस्टाइलचा भर प्रतिस्पर्ध्याला ताब्यात ठेवण्यावर असतो. पट काढून त्याला खाली आणल्याबद्दल गुण मिळतात, पण काम तेथे संपत नाही. खाली गेलेला मल्ल सुटून उभा राहिला तर त्याला एक गुण मिळतो. त्याने खालूनच बाजी उलटवून वरची जागा घेतली तर दोन गुण मिळतात. वर असलेल्या मल्लाने प्रतिस्पर्ध्याला किती वेळ दाबून धरले याची घड्याळ लावून नोंद ठेवली जाते आणि ही आघाडी एक मिनिटाची झाली की शेवटी त्याला एक जादा गुण मिळतो. सामना सात मिनिटांचा असतो: पहिला भाग तीन मिनिटांचा, नंतरचे दोन प्रत्येकी दोन मिनिटांचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या आरंभी एका मल्लाला वरची, खालची किंवा उभी अशी जागा निवडता येते. त्यामुळे केवळ उभ्याने चांगला खेळणारा मल्ल येथे फार काळ टिकत नाही. खालच्या कुस्तीत दबून राहणे, तेथून निसटणे आणि वरून दुसऱ्याला निसटू न देणे या तिन्ही गोष्टी त्याला वर्षानुवर्षे घोटाव्या लागतात. फ्रीस्टाइलमध्ये खाली गेलेल्या मल्लावर थोड्या वेळात पुढचा डाव लागला नाही, तर पंच दोघांनाही उभे करतात. तेथे दीर्घकाळ दाबून धरण्याला मोल नाही.

दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो ही मूळ कल्पना मात्र आपल्या परिचयाच्या मातीतील कुस्तीसारखीच आहे. फोकस्टाइलमध्ये खांदे पूर्ण एक सेकंद टेकलेले राहावे लागतात, एवढाच फरक.

या कुस्तीला अमेरिकेत मोठा प्रेक्षकवर्ग आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची अजिंक्यपद स्पर्धा दर वर्षी मार्चमध्ये भरते. तथापि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मल्लाला व्यवसाय म्हणून पत्करता येईल अशी लीग तेथे रुजलेली नाही. फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या महाविद्यालयीन खेळाडूला पुढे व्यावसायिक संघ असतात. मल्लापुढे ऑलिंपिकची तयारी, प्रशिक्षकाची नोकरी किंवा खेळ सोडणे एवढेच पर्याय होते. दूरचित्रवाणीवरील 'प्रोफेशनल रेसलिंग' हा आधीच निकाल ठरलेला रंगमंचीय प्रकार असून त्याचा या कुस्तीशी फक्त नावापुरता संबंध आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

== कोल्बी आणि ओक्लाहोमा स्टेट ==

शालेय शिक्षणानंतर कॉर्मियेने कॅन्सस राज्यातील कोल्बी कम्युनिटी कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे तो ६१ सामने खेळला आणि एकही हरला नाही. १९९८ आणि १९९९ असे सलग दोनदा त्याने कनिष्ठ महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

पुढील शिक्षणासाठी तो ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात गेला. महाविद्यालयीन कुस्तीतील सर्वाधिक सांघिक विजेतेपदे या विद्यापीठाच्या नावावर आहेत. तेथील प्रशिक्षक जॉन स्मिथ हे १९८८ आणि १९९२ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलेले मल्ल होते. अगदी घोट्याजवळ झेपावून काढलेला त्यांचा एकेरी पट जगभर अभ्यासला जातो. कॉर्मियेची ठेवण निराळी होती. तो बुटका, रुंद आणि कमरेत विलक्षण बळकट होता. प्रतिस्पर्ध्याच्या मांडीला वरच्या अंगाने कवळ घालून त्याला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि मग खाली आणायचे, ही त्याची खासियत येथेच पक्की झाली.

याच काळात आयोवा स्टेट विद्यापीठातून केल सँडरसन खेळत होता. सँडरसनने आपल्या चार वर्षांच्या कारकिर्दीत १५९ सामने खेळून सर्व जिंकले आणि चारही वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. हा विक्रम आजही अबाधित आहे. त्यांपैकी दोन वर्षे तो आणि कॉर्मिये एकाच, १८४ पौंडांच्या म्हणजे सुमारे ८३.५ किलोंच्या गटात होते. दोघे अनेकदा समोरासमोर आले आणि दर वेळी निकाल तोच लागला. २००१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत कॉर्मिये अंतिम फेरीत पोहोचला. तेथेही सँडरसनच होता, आणि कॉर्मिये उपविजेता ठरला. सँडरसन वेगळ्या गटात असता तर कॉर्मियेच्या नावावर राष्ट्रीय अजिंक्यपद लागले असते, असे मत अनेकदा मांडले जाते. ते सिद्ध करता येण्याजोगे नसले, तरी निराधार नाही.

== आंतरराष्ट्रीय कुस्ती ==

पदवीनंतर कॉर्मियेने फ्रीस्टाइल कुस्तीत ९६ किलो हा गट निवडला. २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे त्याने या गटात अमेरिकेचे प्रतिनिधित्व केले. २००३ साली सांतो दोमिंगो येथील पॅन अमेरिकन क्रीडा स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले.

त्याच वर्षी जून महिन्यात त्याची तीन महिन्यांची मुलगी मोटार अपघातात मरण पावली. ती ज्या मोटारीत होती तिला मागून आलेल्या मालट्रकने धडक दिली होती. कॉर्मियेने या प्रसंगाविषयी नंतर जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. तो सरावात परतला आणि पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात होता.

अथेन्समध्ये उपांत्य फेरीत रशियाच्या खाजिमुरात गात्सालोवने त्याला हरवले. गात्सालोवनेच पुढे सुवर्णपदक जिंकले. कांस्यपदकाच्या सामन्यात इराणचा अलीरझा हैदरी कॉर्मियेवर भारी पडला. केल सँडरसनही त्याच अमेरिकन संघात होता. त्याने ८४ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले.

अथेन्सनंतरच्या काळात अमेरिकेत 'रिअल प्रो रेसलिंग' नावाची, खऱ्या कुस्तीची व्यावसायिक लीग काढण्याचा प्रयत्न झाला. कॉर्मियेही तीत खेळला. ती एका हंगामानंतर बंद पडली.

२००७ साली बाकूमध्ये मिळालेले जागतिक कांस्यपदक हे त्याच्या कुस्तीतील सर्वोच्च यश. बीजिंग ऑलिंपिकसाठी २००८ साली त्याची अमेरिकेच्या फ्रीस्टाइल संघाचा कर्णधार म्हणून निवड झाली, तेव्हा तो पदकाच्या दावेदारांत गणला जात होता.

=== वजन घटवणे आणि बीजिंग ===

मल्ल ज्या गटात खेळतो त्यापेक्षा त्याचे एरवीचे वजन बहुधा बरेच अधिक असते. वजनमापनाच्या आधीच्या काही दिवसांत तो पाणी तोडतो, घाम गाळतो आणि मापन झाल्यावर पुन्हा पाणी व अन्न घेऊन वजन भरून काढतो. यात जे घटते ते मुख्यतः शरीरातील पाणी. रक्त दाट होते, मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, क्षारांचे संतुलन ढळते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन घटवण्याच्या प्रयत्नात तीन अमेरिकन महाविद्यालयीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. त्यानंतर महाविद्यालयीन संघटनेने रबरी पोशाख आणि बाष्पस्नान यांवर बंदी घातली, वजनमापन सामन्याच्या निकट आणले आणि प्रत्येक मल्लासाठी हंगामापूर्वीच किमान वजन ठरवून देण्यास सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय कुस्तीत त्या वेळी असे कडक नियम नव्हते.

कॉर्मियेचा देह ९६ किलोंत सहज मावणारा नव्हता. बीजिंगमध्ये त्याने वजनाची अट पूर्ण केली, परंतु त्यानंतर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि पहिली कुस्ती होण्यापूर्वीच त्याचे नाव मागे घेण्यात आले. संघाचा कर्णधार मॅटवर उतरूच शकला नाही. यानंतर त्याने स्पर्धात्मक कुस्ती सोडली.

== एमएमएकडे वळण ==

यूएफसीची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झाली. कोणती युद्धकला श्रेष्ठ, हे ठरवण्यासाठी निरनिराळ्या पद्धतींच्या खेळाडूंना एका जाळीबंद अष्टकोनी रिंगणात उतरवावे, ही मूळ कल्पना होती. आरंभी ब्राझिलियन जिउ-जित्सूचा प्रभाव दिसला. थोड्याच काळात अमेरिकन मल्ल या खेळात आले. ओहायो स्टेटचा माजी राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता आणि १९९२ चा ऑलिंपिकपटू मार्क कोलमन हा १९९७ साली यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. ओक्लाहोमा स्टेटचाच जुना मल्ल रँडी कूचर पुढे दोन वजनगटांचा विजेता ठरला. अर्थात कॉर्मिये ज्या वाटेने गेला ती त्याच्या विद्यापीठातील मल्लांनी आधीच मळलेली होती.

२००९ साली तो कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे हाविएर मेंडेझ यांच्या 'अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमी' या तालमीत दाखल झाला. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा माजी मल्ल केन व्हेलास्केझ तेथे सराव करीत असे. व्हेलास्केझला कुस्तीत जोडीदार हवा होता. कॉर्मियेला ठोसे आणि लाथा शिकायच्या होत्या. ही जोडी दोघांनाही लाभली. पुढे दागेस्तानचा खबीब नुर्मागोमेदोव्ह हाही याच तालमीत आला.

=== कुस्तीतील काय टिकते ===

एमएमएमध्ये साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची पाच फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्ध्याला ठोसे-लाथांनी निष्प्रभ करून, गळा आवळून किंवा सांधा पिरगाळून शरण आणून, अथवा परीक्षकांच्या गुणांवर लढत जिंकता येते. लढत उभ्याने चालावी की जमिनीवर, हे ठरवण्याची शक्ती मल्लाच्या हाती राहते. त्याला हवे तेव्हा तो पट काढतो. त्याला नको असेल तर दुसऱ्याला त्याला खाली नेता येत नाही. फोकस्टाइलमधील दाबून धरण्याची सवय येथे थेट उपयोगी पडते, कारण खाली दबलेल्या माणसावर वरून ठोसे मारता येतात.

पण एक सवय मल्लाला मोडावी लागते. कुस्तीत पाठ टेकणे म्हणजे पराभव. म्हणून संकटात सापडलेला मल्ल उपजत प्रेरणेने पोटावर वळतो. एमएमएमध्ये पाठ टेकली तरी काही बिघडत नाही. जिउ-जित्सू जाणणारा खेळाडू तर पाठीवर पडूनच हल्ला चढवतो. पोटावर वळणे मात्र येथे घातक आहे, कारण पाठीवर आरूढ झालेला प्रतिस्पर्धी मागून हात घालून गळा आवळू शकतो. लहानपणापासून अंगी मुरलेली संरक्षणाची रीत येथे सर्वांत मोठे छिद्र ठरते.

कॉर्मियेने ही गोष्ट केवळ आत्मसात केली नाही, तर तिचाच उपयोग इतर मल्लांविरुद्ध केला. त्याच्या महत्त्वाच्या विजयांकडे पाहिले असता हे ध्यानी येते. डॅन हेंडरसन हा दोन ऑलिंपिक खेळलेला ग्रीको-रोमन मल्ल होता, तर अँथनी जॉन्सन कनिष्ठ महाविद्यालयातून कुस्ती शिकून आला होता. हेंडरसनला २०१४ साली आणि जॉन्सनला २०१५ व २०१७ साली, असे तीनही वेळा कॉर्मियेने मागून गळा आवळूनच हरवले.

== स्ट्राइकफोर्स ==

२५ सप्टेंबर २००९ रोजी ओक्लाहोमातील तुल्सा येथे 'स्ट्राइकफोर्स' या संस्थेच्या कार्यक्रमात कॉर्मियेने पदार्पण केले. वजन घटवण्याचा बीजिंगमधील अनुभव ताजा असल्याने त्याने हेवीवेट गट निवडला. या गटाची कमाल मर्यादा २६५ पौंड, सुमारे १२० किलो असते. १८० सेंटिमीटर उंचीचा कॉर्मिये येथे बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ठेंगणा होता.

स्ट्राइकफोर्सने २०११ साली आठ हेवीवेट खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा भरवली. कॉर्मिये तीत राखीव खेळाडू होता. नेदरलँड्सच्या अ‍ॅलिस्टर ओव्हरीमला स्पर्धेतून वगळल्यावर त्याला उपांत्य फेरीत संधी मिळाली. समोर ब्राझीलचा धिप्पाड अंतोनियो सिल्वा होता, ज्याने त्याच स्पर्धेत रशियाच्या फ्योदोर येमेल्यानेंकोला हरवून खळबळ उडवली होती. १० सप्टेंबर २०११ रोजी सिनसिनाटी येथे कॉर्मियेने सिल्वाला पहिल्याच फेरीत ठोशांनी खाली पाडले. या लढतीत त्याच्या स्वतःच्या हाताचे हाड मोडले आणि अंतिम लढत लांबली. ती १९ मे २०१२ रोजी सॅन होजेत झाली. माजी यूएफसी विजेता जॉश बार्नेट याला पाच फेऱ्यांच्या लढतीत एकमताच्या निर्णयाने हरवून राखीव खेळाडू म्हणून आलेला कॉर्मिये स्पर्धेचा विजेता झाला. या लढतीत त्याने बार्नेटला अंगावर उचलून आपटले, तो क्षण पुढे त्याच्या शैलीचा नमुना म्हणून वारंवार दाखवला गेला.

== यूएफसी ==

स्ट्राइकफोर्स बंद पडल्यावर कॉर्मिये यूएफसीमध्ये आला आणि २० एप्रिल २०१३ रोजी फ्रँक मिरला हरवून त्याने तेथील कारकीर्द सुरू केली. हेवीवेट विजेतेपद तेव्हा त्याचा मित्र आणि सरावातील जोडीदार व्हेलास्केझ याच्याकडे होते. मित्राविरुद्ध लढायचे नाही, असे ठरवून कॉर्मियेने २०५ पौंडांच्या, सुमारे ९३ किलोंच्या लाइट हेवीवेट गटात उतरण्याचा निर्णय घेतला. ज्याची मूत्रपिंडे ९६ किलोंसाठी जवळजवळ निकामी झाली होती, त्याने पाच वर्षांनी त्याहूनही कमी वजनाचा गट पत्करावा, हा निर्णय धाडसाचा होता. या वेळी मात्र त्याने आहार आणि वजन यांचे दीर्घकालीन नियोजन केले.

=== जॉन जोन्सशी स्पर्धा ===

या गटाचा विजेता जॉन जोन्स होता. तोही कनिष्ठ महाविद्यालयाचा राष्ट्रीय कुस्ती विजेता होता. वयाने आठ वर्षांनी लहान, उंचीने १९३ सेंटिमीटर, आणि पसरलेल्या हातांच्या पल्ल्यात कॉर्मियेपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटरने लांब. दोघांमधील वैर सार्वजनिक होते. ऑगस्ट २०१४ मध्ये लास व्हेगासमधील पत्रकारांसमोरच्या भेटीत त्यांची हातघाई झाली आणि दोघांवरही शिस्तभंगाची कारवाई झाली.

पहिली लढत ३ जानेवारी २०१५ रोजी लास व्हेगास येथे झाली. तोपर्यंत कॉर्मिये १५ लढतींत अपराजित होता आणि एमएमएमध्ये त्याला कोणीही खाली आणू शकले नव्हते. जोन्सने लढतीत त्याचा पट काढला, आणि तोही एकदाच नव्हे. पाच फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांनी ४९-४६ असे गुण जोन्सच्या बाजूने दिले. ऑलिंपिक मल्लाला त्याच्याच विद्येत मात द्यावी, ही जोन्सची योजना प्रतिष्ठेची होती तशीच अचूकही होती. पट लागण्याची भीती एकदा मनात बसली की मल्लाच्या ठोशांतील मोकळेपणा जातो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वाहन अपघातानंतर घटनास्थळावरून निघून गेल्याच्या प्रकरणात, यूएफसीने जोन्सकडून विजेतेपद काढून घेतले. रिक्त पदासाठी २३ मे २०१५ रोजी कॉर्मिये आणि अँथनी जॉन्सन यांची लढत झाली. पहिल्या फेरीतच जॉन्सनच्या ठोशाने कॉर्मिये कोसळला. तो सावरला, त्याने जॉन्सनला जमिनीवर नेऊन दमवले आणि तिसऱ्या फेरीत गळा आवळून जिंकले. ऑक्टोबरमध्ये त्याने स्वीडनच्या अलेक्झांडर गुस्ताफसनविरुद्ध, दोन विरुद्ध एक अशा निर्णयाने, हे पद राखले.

जुलै २०१६ मधील नियोजित दुसरी लढत उत्तेजक चाचणीतील दोषामुळे जोन्सला वगळल्याने ऐनवेळी रद्द झाली. जोन्सच्या जागी ब्राझीलचा ज्येष्ठ खेळाडू अँडरसन सिल्वा आला. कॉर्मियेने धोका न पत्करता त्याला जमिनीवर दाबून धरले आणि निर्णयावर विजय मिळवला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. फोकस्टाइलचे गुण जाणणाऱ्याला त्या लढतीत पाहण्यासारखे बरेच होते, परंतु तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाची अपेक्षा वेगळी असते.

एप्रिल २०१७ मध्ये बफेलो येथे जॉन्सनशी दुसरी लढत झाली, तेव्हा वजनमापनात कॉर्मिये प्रथम २०६.२ पौंड भरला. दोन-तीन मिनिटांतच तो पुन्हा काट्यावर उभा राहिला आणि वजन नेमके २०५ पौंड भरले. विवस्त्र वजनासाठी त्याच्यासमोर आडोसा म्हणून टॉवेल धरला होता आणि त्याच्या कडेवर कॉर्मियेचे हात होते. हाताने टॉवेलवर भार दिल्यास काट्यावरचा आकडा घटतो, ही मल्लांमधील जुनी युक्ती मानली जाते. यावर बराच वाद झाला. वजन मात्र ग्राह्य धरले गेले.

जोन्सशी दुसरी लढत अखेर २९ जुलै २०१७ रोजी अ‍ॅनाहाइम येथे झाली. तिसऱ्या फेरीत जोन्सची लाथ कॉर्मियेच्या डोक्यावर बसली आणि पाठोपाठच्या ठोशांनी लढत संपली. त्यानंतर जोन्सच्या चाचणीत ट्युरिनाबोल हे प्रतिबंधित द्रव्य आढळले. कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने निकाल रद्द केला आणि विजेतेपद पुन्हा कॉर्मियेकडे आले. नोंदवहीत त्यामुळे हा पराभव राहिला नाही. परंतु जोन्सवर विजय त्याला कधीच मिळाला नाही, आणि जोन्स असताना तो या गटाचा निर्विवाद विजेता होता का, हा प्रश्न चाहत्यांमध्ये आजही मतभेदाचा आहे. चाचणीत दोषी ठरलेल्या खेळाडूची सरशी कितपत खरी मानावी, हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे कॉर्मियेवर अन्याय करणारे ठरेल.

=== दोन विजेतेपदे ===

जानेवारी २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या वोल्कान ओझ्देमिरला हरवून कॉर्मियेने पद राखले. व्हेलास्केझ आता हेवीवेट विजेता राहिला नव्हता, त्यामुळे वरच्या गटात परतण्यास अडसर उरला नाही. ७ जुलै २०१८ रोजी लास व्हेगास येथे त्याने स्टिपे मिओचिचला आव्हान दिले. ओहायोत अग्निशामक दलात नोकरी करणारा मिओचिच हाही महाविद्यालयीन मल्ल होता, आणि हेवीवेट पद सलग तीनदा राखण्याचा यूएफसीतील विक्रम त्याच्या नावावर होता. पहिल्या फेरीच्या अखेरीस दोघे एकमेकांना बिलगून पकडीसाठी झगडत असताना, पकड सुटते न सुटते तोच कॉर्मियेने आखूड उजवा ठोसा मारला आणि मिओचिच कोसळला. दूर उभे राहून मारलेला तो ठोसा नव्हता; हात गुंतलेले असताना ते कोणत्या क्षणी मोकळे होतील, हा अंदाज कुस्तीतून आलेला होता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेरिक लुईसला हरवून, दोन वजनगटांत विजेतेपद राखणारा तो यूएफसीतील पहिला खेळाडू झाला. त्यानंतर त्याने लाइट हेवीवेट पद सोडून दिले.

=== अखेरच्या लढती ===

चाळिसाव्या वर्षी निवृत्त होण्याचा मानस कॉर्मियेने पूर्वीच जाहीर केला होता. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तो बेत पुढे गेला. १७ ऑगस्ट २०१९ रोजी मिओचिचशी त्याची पुन्हा गाठ पडली. पहिल्या फेरीत त्याने मिओचिचला खांद्यावर उचलून आपटले आणि आरंभीच्या फेऱ्यांत वर्चस्व राखले. त्यानंतर मात्र पट काढणे त्याने जवळजवळ सोडूनच दिले आणि उभ्याने ठोसेबाजी केली. चौथ्या फेरीत मिओचिचने त्याच्या बरगड्यांखाली डाव्या हाताचे ठोसे लागोपाठ मारले आणि लढत संपवली. आपल्या मूळ विद्येपासून दूर जाण्याची किंमत त्याने येथे मोजली, असेच म्हणावे लागते.

तिसरी लढत १५ ऑगस्ट २०२० रोजी लास व्हेगास येथे, महासाथीमुळे प्रेक्षकांविना झाली. तिसऱ्या फेरीत मिओचिचचे बोट डोळ्यात जाऊन कॉर्मियेच्या डोळ्याला इजा झाली. उरलेल्या दोन फेऱ्या तो तसाच लढला आणि एकमताच्या निर्णयाने हरला. त्यानंतर त्याने निवृत्ती पत्करली.

== निवृत्तीनंतर ==

२०२२ साली यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये कॉर्मियेचा समावेश झाला. लढत असतानाच त्याने समालोचनास आरंभ केला होता आणि आता तो यूएफसीच्या प्रमुख समालोचकांपैकी एक आहे. जमिनीवरील झटापटीत कोण कशासाठी कोणता हात अडकवतो आहे, हे तो सामान्य प्रेक्षकाला चटकन समजेल अशा शब्दांत सांगतो. कॅलिफोर्नियातील गिलरॉय हायस्कूलच्या कुस्ती संघाच्या प्रमुख प्रशिक्षकपदाची जबाबदारीही त्याने स्वीकारली असून तेथे तो शालेय मुलांना फोकस्टाइल शिकवतो.